खाण चालू आहे तोवर एकदा सातारा पाहून या

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, कोळशाच्या पट्ट्यात. एका बाजूला ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचे डोंगर, दुसऱ्या बाजूला कॉलनी आणि मध्ये आम्ही. बहुतेक घरं खाणीवरच जगतात. कोणी वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत) कायम, कोणी ठेकेदाराकडे, कोणाचा ट्रक, कोणाची गेटसमोर चहाची टपरी. कोळसा काही उद्या संपत नाही. पण देशाने २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडतो तेवढा शोषलाही जाईल अशी स्थिती गाठायचं जाहीर केलंय, आणि त्याच्या कितीतरी आधी एकेका खाणीतला परवडणारा कोळसा संपणार आहे. ती वेळ येईल तेव्हा गावाने काय करायचं, हा प्रश्न आमच्या ग्रामसभेत निघाला आणि तिथेच अडकला. म्हणून पंचायतीचे काही सदस्य, बचत गटाच्या ताई आणि आयटीआय झालेली पोरं असे आम्ही साताऱ्याला जाऊन आलो.

साताऱ्यात कोळसा नाही. तरी तिथेच जायचं ठरवलं, कारण वाऱ्याची वीज, सौरग्राम, दुष्काळात उभी राहिलेली बायकांची बँक आणि मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर गावी परतलेली माणसं हे सगळं त्या एका जिल्ह्यात पाहायला मिळतं.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी वर्ध्याहून गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस धरावी, ती थेट साताऱ्याला सोडते. प्रवास लांबचा आहे, आरक्षण आधी करा. सातारा स्टेशन शहराबाहेर आहे, त्यामुळे रिक्षा किंवा जीप सांगून ठेवलेली बरी. मुक्काम एसटी स्टँडच्या आसपास केला की सकाळी कुठेही निघता येतं.

पहिलं ठिकाण पवनचक्क्यांचं पठार. सज्जनगडाच्या वाटेने ठोसेघर, तिथून चाळकेवाडी आणि पुढे वनकुसवडे. १९९० च्या दशकाच्या शेवटी इथे पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या आणि थोड्याच वर्षांत हे पठार आशियातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत गणलं जाऊ लागलं. लांबून पाहताना आमची पोरं खूश झाली होती. जवळ गेल्यावर गप्प झाली. खांबाच्या बुडाशी एक लोखंडी दार, त्याला कुलूप, शेजारी गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर. वरून दर फेरीला पातं हवा कापत जायचं आणि त्याची सावली नाचणीच्या वाफ्यावरून सरसर सरकायची. माणूस एकच दिसला, रखवालदार.

"दादा, गावातली किती माणसं कामाला आहेत इथे?" आमच्या सरपंचांनी विचारलं.

"रखवालीला आहेत थोडी. दोन-चार पोरं मशीनवर. बांधकाम चाललं होतं तेव्हा लई होती."

"आणि जमिनी?"

"विकल्या. पैसे आले, घर झालं, पोरींची लग्नं झाली. संपले."

आमच्यातल्या प्रकल्पग्रस्तांना, म्हणजे खाणीसाठी जमिनी गेलेल्यांना, यापुढे काही समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे निदान दोन एकरांमागे एक नोकरी हा हिशेब तरी होता. खाणीला रोज तीन पाळ्यांत माणूस लागतो. पवनचक्की उभारताना माणूस लागतो, नंतर ती वाऱ्यावर चालते, तीही मुख्यतः पावसाळ्याच्या महिन्यांत. म्हणून "कोळसा गेला तरी सोलर येईल, रोजगार मिळेल" असं कोणी सभेत सांगितलं, तर त्याला नेमका आकडा विचारा. उभारणी संपल्यावर किती माणसं, किती वर्षं, आणि जमीन विकत घेणार की भाड्याने? माझं स्पष्ट मत आहे की जमीन विकू नये. भाडं दर वर्षी येतं आणि ते ठरावीक वर्षांनी वाढवून घेता येतं.

तिथल्या जुन्या यंत्रांचंही वय होत आलंय. पवनचक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचं धरतात, आणि सुरुवातीच्या काळातली यंत्रं काही शे किलोवॅटची होती. ती काढून त्याच जागी थोडी पण मोठी यंत्रं बसवावीत यासाठी केंद्राने २०२३ मध्ये धोरण आणलंय. नवा करार होतो तेव्हाच गावाला पुन्हा बोलता येतं. आमच्या आयटीआयच्या पोरांनी देखभालीचं काम कोण शिकवतं याची तिथेच चौकशी केली. उंचावर चढायची तयारी असलेल्या इलेक्ट्रिशियन, वायरमनला त्यात जागा आहे, पण गावच्या गाव त्यावर जगणार नाही.

पठारावर जायचं तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि शनिवार-रविवार टाळून. भर पावसाळ्यात पाती जोरात फिरतात, पण धुक्यात काही दिसत नाही. हिवाळ्यात लख्ख दिसतं, पण वारा मंद. कासच्या फुलांमुळे याच दिवसांत साताऱ्यात गर्दी असते, लॉज आधी ठरवा. पठारावर एसटीच्या भरवशावर जाऊ नका, जीप घ्या. कुंपणाच्या आत शिरू नका. खाली कोयनेच्या बाजूला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत उतरा.

पाटण खोऱ्यात एका ओळखीच्या घरी जेवायला थांबलो. घरातले आजोबा परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातले असंख्य होते. आजोबा म्हणाले, "आम्ही गावाला आलो ते चार दिवसांसाठी. वाटलं, भोंगा वाजला की परत जाऊ." तोवर गावाचा संसार मनीऑर्डरवर चालायचा. ती थांबली आणि डोंगरउतारावरच्या तुकड्यावर सगळं घर आलं. या माणसाला पुढे काय शिकवायचं, त्याच्या तालुक्यात कोणता धंदा उभा करायचा, हे गिरण्या चालू असताना कोणी ठरवलंच नव्हतं. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. कामगारांच्या वाट्याला आली घराच्या सोडतीची रांग.

जर्मनीच्या रूर भागातली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. तिथे उतरण १९५० च्या दशकाच्या शेवटीच लागली होती. म्हणजे साठ वर्षं हळूहळू आवरतं घेत, मध्ये विद्यापीठं काढत, कामगारांना दुसरीकडे वळवत ते झालं, आणि तरीही तो भाग आजवर पुरता सावरलेला नाही. आजोबांच्या ओसरीवर बसून आम्ही याची तुलना करत होतो. आमच्या बरोबरचा एक डंपर ऑपरेटर एवढंच म्हणाला, "आपल्याकडे अजून भोंगा वाजतोय." त्याचं ते वाक्य ऐकून माझ्या पोटात कालवलं.

दुसऱ्या दिवशी कराडहून ढेबेवाडी खोऱ्यातल्या मान्याचीवाडीला गेलो. २०२४ मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं सौरग्राम. वाडी लहान आहे, घरोघरी छपरावर पॅनेल. एका वहिनींनी आम्हाला वीजबिल उलगडून दाखवलं. ग्रिडमधून घेतलेली युनिट एका रकान्यात, परत दिलेली दुसऱ्यात. आमच्या ताई त्या कागदावरून हलेनात. आमचं गाव औष्णिक केंद्राच्या धुराड्यांच्या नजरेत, तरी उन्हाळ्यात बिलाने जीव मेटाकुटीला येतो. ही वीज त्या घराची स्वतःची आहे, पठारावरच्यापेक्षा हा मोठा फरक. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, वरचा पैसा आपला. यातून नोकऱ्या लागत नाहीत, महिन्याचा खर्च वाचतो. ज्या घराचा पगार थांबणार आहे त्याला तेही मोठं. वाडीला जायच्या आधी ग्रामपंचायतीला फोन करा आणि भातकापणीचे दिवस टाळा. माणसं शेतात असताना त्यांना माहिती द्यायला थांबवून ठेवणं बरं नाही.

पण सगळ्यात जास्त हाती लागलं ते म्हसवडला. सातारा-पंढरपूर रस्त्याने पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत दोन-अडीच तास. जसजसं पूर्वेला जावं तसतसं हिरवं संपत जातं. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आधीचा परवान्याचा अर्ज सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून नामंजूर झाला होता. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. आज ती बँक बाजारात बसणाऱ्या भाजीवालीला, शेळ्या पाळणारीला, शिवणकाम करणारीला तिच्या मिळकतीच्या चालीने कर्ज देते. जोडीला धंदा शिकवायचे वर्ग आहेत आणि स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे.

बाजारात एका मावशीशी बोलणं झालं. बांगड्यांची पाटी ते पत्र्याचं दुकान, असा तिचा प्रवास. आमच्या गटातल्या एका ताईने विचारलं, "मालकांचं काम सुटलं तेव्हा सुरू केलं का?" मावशी म्हणाल्या, "नाही गं. काम सुटल्यावर कोण कर्ज देतंय? त्याच्या आधी." आमच्याकडे बचत गट आहेत, पण पैसा लग्नात आणि दवाखान्यात जातो, कारण पगार येतोय म्हणून धंद्याची निकड कोणाला वाटत नाही. कर्जाची पत, हिशेबाची सवय आणि बाजाराची ओळख पगार चालू असतानाच जमवायची असते. म्हणून सांगतो, या सहलीला बायका नेल्याच पाहिजेत. नुसते पुरुष गेलात तर पठार पाहून परत याल. बाजाराचा वार विचारून जा, बँकेची वेळ आधी घ्या. राहायला-जेवायला गोंदवल्याला मठात सोय होते.

म्हसवडहून आटपाडीमार्गे विट्याला उतरलो. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पसरलीत, दुष्काळाने बाहेर काढलेली. एक जण गेला की पाहुण्यातल्या पोराला नेतो, हाताखाली शिकवतो. घरं मोठी बांधलीत, त्यांतली बरीचशी कुलुपात. आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही.

जाताना बरोबर दोन कागद न्या. पहिला, तुमच्या खाणीचा बंद करण्याचा आराखडा. २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीला तो सक्तीचा आहे, त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात. आमच्या पंचायतीत तो कोणी पाहिलेलाच नव्हता. दुसरा, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा हिशेब. २०१५ च्या कायद्यापासून खाणचालक रॉयल्टीवर १० ते ३० टक्के जादा रक्कम त्यात भरतात. पाणी, आरोग्य, शिक्षण यांच्या जोडीने कौशल्य विकासही त्याच्या अग्रक्रमाच्या यादीत आहे. हा पैसा कोळसा निघतो तोवरच येतो. त्यातून सभागृहं आणि कमानी बांधल्या तर खाणीबरोबर सगळंच संपेल. हे कागद हातात असले की मान्याचीवाडीत आणि म्हसवडला विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात.

परतीची गाडी मिरजेहून धरा, विट्याहून तिथे जायला एसटी मिळतात. गाडीत सगळे एकत्र असतात आणि वेळही भरपूर असतो, तेव्हा ठरावाचा मसुदा तिथेच लिहून काढा. आम्ही मनमाड यायच्या आत लिहिला: जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची. प्रतिष्ठानच्या निधीतून पोरांचं प्रशिक्षण आणि बचत गटांना भांडवल मागायचं. बंद करण्याचा आराखडा मराठीत वाचून दाखवायचा. सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो मांडता येतो. नाहीतर मग थेट २६ जानेवारी.