तारेवरची सीमा

बर्लिन, प्राग, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट. एकाच लोहमार्गावर ओवलेल्या चार देशांच्या चार राजधान्या. चेक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी 21 डिसेंबर 2007 रोजी शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आले, तेव्हापासून या वाटेवरचे शिक्के आणि रांगा संपल्या. (पासपोर्ट मात्र खिशात हवाच. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, आणि प्रागहून बर्लिनकडे जाताना पोलीस डब्यात चढू शकतात.)

मग देश बदलला हे कळतं कशावरून? टीसी बदलतो, घोषणेत दुसऱ्या क्रमांकावर असलेली भाषा पहिली होते. पण खरी हद्द असते डोक्यावरच्या तारेत. जर्मनीच्या तारेत 15,000 व्होल्ट एसी (सतत दिशा उलटणारा प्रवाह), तेही 16.7 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 16.7 आवर्तनांचं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या इंजिनांतल्या विजेच्या मोटारी नेहमीच्या 50 हर्ट्झवर ठिणग्या उडवायच्या, म्हणून त्याच्या एक तृतीयांशावर भागवलं आणि तेच कायम झालं. चेक हद्दीत शिरलं की 3,000 व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह). आणि गंमत पुढेच आहे: प्राग आणि बर्नो यांच्या दरम्यान, म्हणजे चेक देशाच्या पोटातच, ही तार संपते आणि 25,000 व्होल्ट एसी सुरू होतं. ते थेट बुडापेस्टपर्यंत. 1993 मध्ये चेकोस्लोव्हाकिया दुभंगून जी नवी सीमा आखली गेली, तिची या तारेला दखलही नाही.

दोन प्रवाहांच्या मध्ये थोडी तार मृत ठेवलेली असते. तिथं पोचण्याआधी चालक मुख्य ब्रेकर उघडून वीज तोडतो, पेंटोग्राफ (छतावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) खाली घेतो, आणि गाडी आपल्या वेगावर नुसती घरंगळत जाते. डब्यातलं वातानुकूलन यंत्र क्षणभर मुकं होतं, पुन्हा घरघरतो. बहुतेकांचं लक्षही जात नाही. नेमकी तिथंच गाडी थांबली, तर मात्र दुसऱ्या इंजिनाने येऊन हलवायची पाळी येते. मुंबईकडे डीसी आणि पलीकडे एसी होतं त्या दिवसांत डब्ल्यूसीएएम जातीची दुहेरी इंजिनं आपल्याकडेही हेच करायची. युरोपात आता व्हेक्ट्रॉनसारखी इंजिनं तिन्ही प्रवाह पचवतात. त्याआधी जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून चेक हद्दीत जाणाऱ्या दोन प्रवाहांच्या श्कोडा इंजिनांना जर्मन रेल्वेवाल्यांनी नाव ठेवलं होतं ‘क्नोडलप्रेस’, म्हणजे क्नोडल दाबायचं यंत्र. क्नोडल म्हणजे उकडलेला पिठाचा गोळा. चेक लोकांचं क्नेडलिकी.

ते खायला डायनिंग कार आहेच. चेक डायनिंग कारमध्ये ताटात गरम जेवण आणि नळाची बिअर मिळते, विमानातल्या डब्यासारखं काही नाही. दाट सॉसमधल्या ‘स्विच्कोवा’सोबत क्नेडलिकी येतात, ते गोमांस असतं, न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. पैशांचा हिशेब तारेपेक्षाही वाकडा: युरो, मग कोरुना, स्लोव्हाकियात पुन्हा युरो, शेवटी फोरिंट. कार्ड काढलेलं बरं.

आपल्याला आरक्षित तिकिटातच बर्थ मिळायची सवय. इथं तिकीट वेगळं आणि जागा वेगळी. नुसतं तिकीट म्हणजे गाडीत चढायचा हक्क; बसायला आसन हवं तर थोडे पैसे वेगळे मोजायचे. आसनावरच्या पट्टीवर ते कुठून कुठपर्यंत घेतलंय हे लिहिलेलं असतं. ‘प्राग–बुडापेस्ट’ दिसलं तर प्रागपर्यंत खुशाल बसा, तिथं उठायची तयारी ठेवा. एकाच गाडीचं तिकीट जर्मन आणि चेक अशा दोन्ही रेल्वे विकतात, आणि दर सारखे असतीलच असं नाही. दोन्हीकडे बघूनच घ्यावं. मात्र स्वस्ताच्या नादात प्रवासाचे तुकडे करून वेगवेगळी तिकिटं घेतली आणि पहिली गाडी रखडली, तर पुढच्या तिकिटाची जबाबदारी कुणी घेईलच असं नाही. सलग तिकिटावर रेल्वे तुम्हाला पुढे पोचवते. तासाभराच्या उशिराला भाड्याचा चौथा हिस्सा परत मागता येतो, दोन तासांच्या पुढे निम्मा.

आसन निवडताना बर्लिनहून निघाल्यावर डावी बाजू घ्यावी. ड्रेस्डेननंतर एल्ब नदी आणि वाळूच्या दगडाचे कडे तिकडेच दिसतात. ब्रातिस्लाव्हानंतर उजवी. श्टुरोवो या स्लोव्हाक सीमेवरच्या गावाला, नदीपलीकडे हंगेरीतल्या एस्टरगोमच्या बॅसिलिकाचा (मोठ्या चर्चचा) घुमट दिसतो, आणि तिथून डॅन्यूब बराच वेळ रुळाला चिकटून वाहते.

उतरताना स्थानकाचं नाव मात्र तिकिटावर पुन्हा वाचावं. बुडापेस्टला न्युगाती म्हणजे पश्चिम स्थानक, आणि केलेती म्हणजे पूर्व. व्हिएन्नाहून, म्हणजे भर पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्या केलेतीला जातात.