क्वालालंपुरातली संकष्टी

मलेशियाला जाऊन आले म्हटलं की लोक आधी ट्विन टॉवर्सचे फोटो मागतात. आहेत, चार आहेत, चारही तिरके. बाटू केव्हजच्या 272 पायऱ्या मी चढले, सासूबाई खाली मुरुगनच्या मोठ्या मूर्तीपाशी बसून राहिल्या, आणि माकडाने चिरंजीवांच्या हातातली पाण्याची बाटली पळवली. गेंटिंगला धुकं होतं, काही म्हणजे काही दिसलं नाही. झालं प्रवासवर्णन. मला खरं लिहायचंय ते 17 मार्च 2025च्या संध्याकाळबद्दल, आणि ती सगळीच्या सगळी हॉटेलच्या जेवणघरात गेली.

त्याआधी थोडी कुरकुर. पहिले चार दिवस आम्ही ग्रुप टूरबरोबर होतो. रोज रात्री बस आम्हाला ‘इंडियन डिनर’च्या दारात नेऊन ओतायची. मटार पनीर, पिवळी डाळ, जीरा राइस, गुलाबजाम. चार रात्री तेच, फक्त पनीरच्या रश्श्याचा रंग बदलायचा. बाहेर रस्त्याच्या कडेला कोळशावर साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजत होते, त्याचा वास थेट नाकात, आणि माझं मालवणी पोट पनीरकडे चाललेलं. बसमधल्या सगळ्यांची मात्र काही तक्रार नव्हती. ‘घरच्यासारखं जेवण’ म्हणून त्यांनी गाइडला टाळ्याही दिल्या. घरच्यासारखं जेवायचं तर घर काय वाईट होतं? (मी फार बोलू नये. माझ्या बॅगेत मेतकूट आणि खाकऱ्याची तीन पाकिटं होती. सासूबाईंसाठी, पण संपवली मीच.)

टूर संपल्यावर आम्ही दोन दिवस जास्तीचे ठेवले होते, बुकीत बिंतांग भागातल्या एका हॉटेलात. रमजान चालू होता आणि लॉबीत रात्रीच्या बुफेचा भलामोठा फलक. ‘बुका पुआसा’, म्हणजे रोजा सोडायचं जेवण. इथली मोठी हॉटेलं महिनाभर हे बुफे लावतात आणि गावातली कुटुंबंच्या कुटुंबं येतात. माणशी 160 रिंगिट, ज्येष्ठांना निम्मे. नवऱ्याने मनातल्या मनात गुणाकार केला आणि त्याचा चेहरा तीन हजार रुपयांचा झाला. तरी ‘हो’ म्हणाला, चार दिवस पनीर त्यानेही खाल्लं होतं.

मग सासूबाई म्हणाल्या, “आज संकष्टी आहे.”

आता खोलीत एकट्या बसायला त्या तयार नाहीत आणि खाली आल्या तर चंद्रोदयापर्यंत जेवणार नाहीत. “दीड हजाराची केळी खायची का मी?” त्यात चंद्रोदय कुठला धरायचा हा वाद. त्यांच्या पर्समधल्या कॅलेंडरच्या पानावर मुंबईची वेळ, रात्री सव्वानऊच्या सुमाराची. नवरा म्हणाला, घड्याळ इथे अडीच तास पुढे, म्हणजे पावणेबारा. मी म्हटलं, चंद्र इथला, तर वेळही इथलीच. मोबाइलवर पाहिलं तर क्वालालंपूरचा चंद्र साडेनऊच्या पुढेमागे उगवणार होता. ही वेळ सासूबाईंना पटली. भुकेचा त्यात काही हात नसावा.

सातला खाली गेलो. दुसऱ्या दिवशी नुझुल कुराणची, म्हणजे कुराण अवतरल्याच्या दिवसाची सुट्टी, त्यामुळे हॉल खच्चून भरलेला. एका टोकाला अख्खं बकरं सळईवर फिरतंय, पुढे सातेच्या काड्या, केळीच्या पानावर वाढलेला नारळी भात, मग उलाम नावाचा कच्च्या पाल्याचा डोंगर, ज्यात मला आपली ब्राह्मी ओळखता आली. मी मात्र कुठेच न थांबता लाक्साच्या काउंटरवर गेले. आसाम लाक्सा. आसाम म्हणजे आंबट, आपल्या चहावाल्या आसामचा काही संबंध नाही. मूळ पदार्थ पेनांगचा.

काउंटरमागच्या आचाऱ्याने तांदळाच्या जाड शेवया गाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात बुडवल्या, वाडग्यात उपड्या केल्या, वर काकडी, कांदा, अननस, पुदिना आणि कसल्याशा गुलाबी कळीचे बारीक काप. मग मला विचारलं, “नाऊ?”

मी म्हटलं, “येस, येस, नाऊ.”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रस्सा ओतला. त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढच्या पाच मिनिटांत कळणार होता.

रस्सा आंबट कशाने, असं मी विचारल्यावर त्याने डाव तळाशी फिरवून एक काळपट, मऊ पडलेली चकती वर काढून दाखवली. आसाम कपिंग. आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, काप करून वाळवलेलं. मी ती चकती बघून इतकी हसले की तो बिचारा गोंधळला. आणि मासा? “इकान कम्बुंग.” तोंडात घातला आणि कळलं, हा तर बांगडा! उकडून, काटे काढून, कुस्करून रश्श्यात मिसळलेला. म्हणजे सोलं घातलेलं बांगड्याचं तिखलंच की हे. तिरफळाच्या जागी ती गुलाबी कळी, आणि वर चमचाभर काळं, गोडसर, कोलंबीचं घट्ट काहीतरी, ज्याला बंदराचा वास येतो. माझ्या आजीच्या परसात जवळा वाळत घातल्यावर यायचा तसा. चार दिवसांच्या पनीरनंतर मला डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी दुसरा घास, तिसरा घास, रस्सा भुरके मारत.

“अगं,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “थांब. कुणीच जेवत नाहीये.”

मान वर केली. शंभर-दीडशे माणसं बसलेली, प्रत्येकासमोर भरलेलं ताट, आणि एकाचाही हात ताटाला नाही. पलीकडच्या टेबलावर चारेक वर्षांचा मुलगा सातेच्या काडीकडे एकटक बघत होता आणि त्याची आई त्याचं बोट हलकेच मागे घेत होती. वाढपीसुद्धा स्वस्थ उभे. त्या शांततेत आवाज एकच होता, माझ्या भुरक्यांचा. रोजा सोडायला अजून आठ-दहा मिनिटं होती. लोक जागा आणि ताटं आधी धरून ठेवतात, तोंड मात्र बांग झाल्यावरच. बोर्डावर वेळ लिहिलेली होती, आम्ही पैसे तेवढे वाचले होते.

मी चमचा खाली ठेवला. कुणी रागाने बघत नव्हतं, कुणी बघतच नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. नवऱ्याचं म्हणणं, आपण पाहुणे, आपल्याला बंधन नाही. नियमाने बरोबर आहे त्याचं. पण लहानपणी संकष्टीला आई ताट वाढून, झाकून, गच्चीवर चंद्र शोधत उभी असायची आणि आम्ही खाली स्वयंपाकघरात वरणभात ओरपायचो, ते आठवलं. लाक्सा निवत गेला. शेवया फुगल्या. चिरंजीवांनी मात्र “मला कुणी पाहिलं नाही” असं म्हणत दोन साते टेबलाखाली संपवले, हे मला नंतर काड्यांवरून कळलं.

साडेसातला थोडी मिनिटं असताना स्पीकरवर बांग झाली. ओठ हलले, सगळ्यांचे हात खजुराकडे गेले, आणि क्षणात हॉलभर चमच्यांचा खळखळाट. गुलाबी सिराप बांडुंगचे पेले, म्हणजे आपलं रोझ मिल्क, एका दमात रिकामे.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक आजीबाई होत्या, सुना-नातवंडांसह. त्यांनी खजुराची बशी आधी आमच्याकडे सरकवली. सासूबाईंनी एक घेतला, उपासाला चालतोच. मग आजीबाईंनी पाहिलं की या बाई खजूर खाऊन पुन्हा हात बांधून बसल्या. त्यांनी ताटाकडे, मग सासूबाईंकडे बोट करून खुणेनेच विचारलं, का?

सासूबाई सरळ मराठीत म्हणाल्या, “माझा उपास आहे.”

“पुआसा?”

“हो, उपास.”

“पुआसा!” आजीबाईंनी मान डोलावली. यांनीही डोलावली. मधे मी इंग्रजी घेऊन तयार बसले होते, मला कुणी विचारलंच नाही. मग आजीबाईंच्या सुनेने विचारलं, सोडायचा कधी? मी वर बोट केलं, मून. “बुलान!” आजीबाई एकदम खूश. यांचाही महिना चंद्र बघूनच लागतो. घरी आल्यावर शोधलं, तर हा ‘पुआसा’ आपल्याच उपवासातून तिकडे गेलेला आहे. नवऱ्याला मलयमध्ये ‘सुआमी’ म्हणतात हेही सापडलं, पण ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मग माझी मोहीम सुरू झाली: साडेनऊला सासूबाई जेवणार काय? ‘सायुर’ म्हणजे भाजी, एवढं मी शिकले होते. पहिलाच ट्रे नाळीच्या भाजीचा, हिरवीगार, लसणावर परतलेली. मी आनंदाने वाकले आणि तोच जवळ्याचा वास आला. ब्लाचान, वाटलेल्या जवळ्याची आंबवलेली वडी. दुसऱ्या भाजीत सुके मासे, मांदेलीची लहान बहीण शोभतील असे. सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, पुन्हा ब्लाचान. त्या भाज्यांपुढे हिरव्या पानाचं चित्र लावणाऱ्या हॉटेलला माझा साष्टांग नमस्कार. मी स्वतः हे सगळं चाखत चाखत फिरले, हे कबूल करते. कोंबडीच्या रंदांगमध्ये तर भाजून तेल सुटेपर्यंत वाटलेलं खोबरं निघालं, म्हणजे अर्धं मालवण. तीनदा घेतलं.

शेवटी गोडाच्या टेबलावर केळीच्या पानाचे छोटे चौकोनी शंकू दिसले. कुइह कोची. पान उघडलं तर आत चिकट तांदळाच्या पिठाची उकड, आणि उकडीत ओलं खोबरं आणि माडाचा काळा गूळ. वाफवलेलं. मोदकच, फक्त कळ्या पाडायचा कंटाळा केलेला. वाढप्याला दोनदा विचारून घेतलं: अंडं नाही, मासा नाही. दोन उचलले आणि वाटीखाली झाकून टेबलावर ठेवले. हॉटेलात अन्न लपवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

नऊनंतर हॉल रिकामा होत गेला. आजीबाई जाताना सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन गेल्या. साडेनऊला नवरा स्विमिंग पूलच्या कठड्यावरून बघून आला: ढग, क्रेन आणि कुठल्यातरी बँकेचा निळा दिवा. चंद्र नाही. “उगवला असेल ढगामागे,” सासूबाईंनी निकाल दिला. मोबाइलवर सिद्धिविनायकाचा फोटो काढला, पेल्याला टेकवून उभा केला, कोचीचं पान उलगडलं, भोवती बोटाने पाणी फिरवलं. कोपऱ्यात ट्रे उचलत असलेला वाढपी हातातलं काम थांबवून तसाच उभा राहिला, नमस्कार होईपर्यंत.

मग त्यांनी घास घेतला. आम्ही तिघं बघतोय.

“सारण बरंय. वेलची विसरले. उकड मात्र अगदीच चिकट, कवळीला लागते.” पाणी प्यायल्या. “दुसरी दे.”

वाटी उचलली. खाली नुसतं केळीचं पान होतं, नीट घडी घातलेलं, आणि चिरंजीव छताकडे बघत होते.