एमएल-केम कोअर, नोंद ४: एनटीटी जुळलं, सॅम्पलर बाकी

एमएल-केम ही क्वांटम संगणकालाही तोंड देईल अशी गुप्त चावी ठरवण्याची पद्धत; तिचं हार्डवेअर बांधतोय. सिम्युलेशनमध्ये एनटीटी (२५६ गुणांकांच्या बहुपद्यांचा गुणाकार झटपट करू देणारं रूपांतर) आणि उलट एनटीटी दोन्ही आता सॉफ्टवेअर मॉडेलशी तंतोतंत जुळतात. एक बटरफ्लाय (दोन गुणांक घेऊन दोन नवे देणारं एकक), ७ थर, थरामागे १२८ क्रिया: ८९६ सायकल, वर पाइपलाइनची खोली, म्हणजे एक क्रिया आत शिरून उत्तर बाहेर येईपर्यंतच्या सायकली.

मॉड्युलो ३३२९ चं काम, म्हणजे ३३२९ ने भागून बाकी काढणं, सरळ आहे. १२ बिट गुणिले १२ बिट एका डीएसपीत (चिपमधला तयार गुणक) मावतं. बॅरेटसाठी (प्रत्यक्ष भाग न देता बाकी काढण्याची युक्ती) गुणाकाराला ५०३९ ने गुणून २४ बिट उजवीकडे सरकवायचं; येतो तो भागाकार. तो ३३२९ ने गुणून मूळ गुणाकारातून वजा करायचा. भागाकार फार तर १ ने कमी येतो, म्हणून शेवटी ३३२९ ची आणखी एकच वजाबाकी पुरते. ३३२९ म्हणजे २०४८ + १०२४ + २५६ + १. त्याने गुणायला बेरजाच पुरतात, त्यावर डीएसपी खर्चू नका.

डोकं खाते ती मेमरी. बटरफ्लायला दर सायकलला दोन वाचनं आणि दोन लेखनं लागतात, ब्लॉक रॅमला (चिपमधली मेमरी) पोर्ट दोनच. सम-विषम अशा दोन बँका केल्या तर पहिल्याच थरात ० आणि १२८ क्रमांकाचे गुणांक एकाच बँकेवर आदळतात. त्याऐवजी गुणांकाच्या क्रमांकाच्या आठही बिटांचा एक्सॉर (त्यातले १ विषम असतील तर १, नाहीतर ०) हाच बँक क्रमांक धरा आणि वरचे सात बिट पत्ता म्हणून वापरा. जोडीतले क्रमांक नेहमी एकाच बिटात वेगळे असतात, त्यामुळे टक्कर होऊच शकत नाही. मात्र हा बँक-बिट लेखनाच्या बाजूला पाइपलाइनइतकाच उशिरा पोचायला हवा. एक सायकल मागेपुढे झाली की काही जोड्या उलट लिहिल्या जातात, काही बरोबर, आणि संशय उगाच बॅरेटवर जातो.

थर बदलताना पाइपलाइन रिकामी करायला थांबायची सोय आधी ठेवली होती, ती काढली. क्रमाने गेलं तर एका थरात वाचलेला गुणांक पुढच्या थरात वाचला जाईपर्यंत किमान ६४ सायकल जातात. एवढी खोल पाइपलाइन इथे कोण बांधतंय!

उलट एनटीटीच्या शेवटी ३३०३ ने गुणायची वेगळी फेरीही गेली. प्रत्येक थरात दोन्ही उत्तरं निम्मी करायची: एक बिट उजवीकडे, आणि संख्या विषम असेल तर वर १६६५.

चाचणी व्हेक्टर (इनपुट आणि अपेक्षित उत्तराच्या ठरलेल्या जोड्या) जुन्या कायबरचे, म्हणजे एमएल-केमच्या आधीच्या रूपाचे, घेऊ नका. ऑगस्ट २०२४ च्या फिप्स २०३ मध्ये (एमएल-केमचं अमेरिकी मानक) बीजाच्या, म्हणजे जिच्यातून चावी बनते त्या यादृच्छिक संख्येच्या, हॅशिंगमध्ये बदल आहेत, चाव्या जुळणार नाहीत.

आता सॅम्पलर, म्हणजे बीजातून यादृच्छिक गुणांक काढणारा भाग. शेक-१२८ या हॅश फंक्शनच्या १६८ बाइटांच्या एका ब्लॉकमधून ११२ उमेदवार निघतात, त्यातले ३३२९ पेक्षा लहान असलेले सुमारे ८१ टक्के टिकतात. २५६ गुणांकांना बहुतेकदा तीन ब्लॉक पुरतात. चौथा लागण्याची वेळ शंभरात एकाहूनही कमी. पण एमएल-केम-७६८ च्या मॅट्रिक्समध्ये ९ बहुपद्या असतात, म्हणजे साधारण तेरा-चौदा चाव्यांमागे एकीला तो लागतोच. तीन ब्लॉकवर थांबणारं स्टेट मशीन पाच-दहा व्हेक्टरवर बिनबोभाट पास होतं. सॉफ्टवेअर मॉडेलमध्ये चौथा ब्लॉक मागणारी बीजं शोधून ती टेस्टबेंचमध्ये (चाचण्या चालवणाऱ्या कोडमध्ये) कायमची टाकायची आहेत.