खुंटीला खडू, नटला पेन्सिल

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी कोल्हापुरातली मुले भेटली की बहुधा एकच विचारतात : ‘सर, लॉकिंग ट्यूनर (तार आवळून धरणाऱ्या खुंट्या) बसवले तर गिटार सुरातून उतरायची थांबेल का?’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सांगतो, की जरूर बसवा, पण त्याआधी नट, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी, तपासा, कारण तार खुंटीवर सुटण्यापेक्षा नटच्या खाचेत अडकण्याचेच प्रकार मी जास्त पाहिले आहेत.

मिरजेच्या तंबोऱ्याची लाकडी खुंटी घर्षणावरच टिकते, म्हणून ती सरकू लागली की तिला खडू लावतात. गिटारची खुंटी मात्र दातेरी चक्रावर चालते आणि सहसा आपोआप मागे फिरत नाही. इथे घर्षण नको असते ते नटवर. तिसरी तार बेंड करून (वाजवताना बोटाने बाजूला ओढून) सोडल्यावर सूर उतरलेला वाटला, तर नट आणि खुंटी यांच्यामधली तार बोटाने हलकेच दाबून पाहावी. सूर जागेवर आला, तर बेंडच्या वेळी पुढे आलेली तार खाचेतून मागे जाऊ शकलेली नाही, असे समजावे. खुंटी पिळताना ‘टिक्’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो, तेही याच दुखण्याचे लक्षण आहे. गिब्सन कंपनीच्या पद्धतीच्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्यांच्या आणि १७ अंशांपर्यंत मागे कललेल्या हेडस्टॉकवर (खुंट्या असलेल्या टोकावर) मधल्या दोन तारा नटपासून बाजूलाही वळतात, त्यामुळे तिथे हा त्रास अधिक होतो.

गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमाआधी मी ९-४२ चा तारांचा संच काढून (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे) १०-४६ चा चढवला. सहावी तार ४२ ऐवजी ४६ सहस्रांश इंच जाड झाली, खाच मात्र तेवढीच राहिली. दुसऱ्याच गाण्यात गिटार बेसूर झाली, मी दोष खुंट्यांना दिला, नव्या विकत घेतल्या, आणि फरक काहीच पडला नाही. अखेर बारीक कानशीने खाच किंचित रुंद केली (खोल नव्हे, नाहीतर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या पहिल्या पट्टीवर, खरखरते) आणि तीत पेन्सिलचे शिसे घासले. हा उपाय जवळजवळ फुकटातला आहे, म्हणूनच बहुधा कुणाला पटत नाही.

लॉकिंग ट्यूनरचा खरा फायदा असा, की खुंटीवर वेढे जवळजवळ लागतच नाहीत आणि त्यांतली ढील संपते. गिटारवादक फ्लॉइड रोझ यांच्या १९७९ च्या पेटंटमधला लॉकिंग नट तर तारच आवळून धरतो, पण साध्या गिटारवर तो बसवायचा म्हणजे लाकूड कोरणे आले. तोवर सूर लावताना नेहमी खालून वर यावे, आणि वर गेलाच तर खाली उतरवून पुन्हा चढवावा.