अमिदाचा वेढा: दियारबाकिरचा तट पायी पाहताना

इ.स. 359 मध्ये इराणच्या दुसऱ्या शापूरने रोमच्या सरहद्दीवरचं अमिदा 73 दिवस वेढा घालून घेतलं. तेच आग्नेय तुर्कस्तानातलं आजचं दियारबाकिर. जुन्या शहराभोवती जवळपास 5.8 किलोमीटरचा तट उभा आहे, दगड सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर गाठा. भर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दगडाला हात लावून चढणं अवघड होतं.

पश्चिमेच्या उर्फा दरवाजापासून निघा आणि तट डाव्या हाताला ठेवून बाहेरून मार्दिन दरवाजापर्यंत चाला. वाटेतले उलू बेदेन आणि येदी कार्देश हे बुरूज देखणे आहेत, पण ते 1208 चे. बहुतेक जण इथेच फसतात आणि त्यांना रोमन समजून फोटो काढत बसतात.

खरा वेळ द्या मार्दिन दरवाजाजवळच्या केची बुरुजाला. इथून खाली हेवसेलचे मळे आणि तैग्रिस नदी दिसते. वेढ्यात अडकलेला रोमन अधिकारी अम्मियानुस लिहितो, की दक्षिणेच्या एका बुरुजाखालच्या कड्यात नदीचं पाणी गुपचूप आणण्यासाठी भुयारी पायऱ्या खोदल्या होत्या. एका फितुराने रात्री त्याच वाटेने 70 इराणी तिरंदाज वर नेले. ते तिसऱ्या मजल्यावर दबा धरून बसले. पहाटे त्यांनी लाल झगा फडकवून इशारा केला आणि आतूनच बाण सुरू झाले. रोमनांनी पाच हलकी बाणयंत्रं तिकडे वळवली, तेव्हा कुठे ते आवरले. असा ताशीव कडा असताना पाण्याची वाटच घात करते, हे इथे उभं राहिल्यावर नीट कळतं.

शहर पडलं ते मात्र मातीमुळे. इराण्यांनी तटाला भिडणारे दमदमे, म्हणजे मातीचे उंच ढिगारे, रचले. त्यांच्या वर मारा करता यावा म्हणून रोमनांनी आतून भराव चढवला. तो फार उंच झाला, बाहेरच्या अंगाला कोसळला आणि तट व शत्रूचा दमदमा यांमधली फट बुजली. शत्रूला आयता रस्ता मिळाला. दक्षिणेचा आणि पूर्वेचा उतार पाहून मग उत्तरेच्या दाअ दरवाजाकडची सपाटी पाहा, म्हणजे दमदमा कुठे घालता येतो आणि कुठे नाही ते लक्षात येईल.

तटावर कठडे जवळपास नाहीत आणि पायऱ्या उंचसखल आहेत. पकड असलेले बूट घाला, प्रत्येकी दोन लिटर पाणी ठेवा. 2023 च्या भूकंपात काही भाग ढासळला, त्यामुळे बंद केलेल्या पट्ट्यात शिरू नका. संध्याकाळसाठी दक्षिणेचा दहा कमानींचा पूल (1065) राखून ठेवा. तिथून मागे वळून पाहिलं की काळा तट कड्यावर सलग दिसतो.