बर्फाच्या लादीचं मॉडेल: वाढीव अडीच तास कुठून आले

ससून डॉकला ट्रॉलरवर चुरून भरतात त्या बर्फाच्या लादीला गोठायला किती वेळ लागतो, हे कंट्रोल व्हॉल्यूम पद्धतीने (जागेचे छोटे कप्पे, म्हणजे सेल, पाडून प्रत्येकातल्या उष्णतेचा हिशेब ठेवायचा) पायथनमध्ये काढायचं चाललंय. सध्या एकाच मितीत. डबा 20 सेमी जाड, बाहेर मिठाचं पाणी उणे 10 अंशांवर, आत पाणी आधीच 0 अंशाला आलेलं आणि स्थिर. पत्र्याचा रोध इतका नगण्य की सोडून दिला. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून 10 सेमीच सोडवायचे.

ताळा पाहायला स्टेफानचं सूत्र (बर्फाच्या जाडीवरून गोठायचा वेळ देणारं) आहेच. बर्फाची वाहकता 2.2, घनता 917 आणि सुप्त उष्णता 334 किलोज्यूल प्रति किलो धरली की 5 सेमीला 4.8 तास, 10 सेमीला 19.3. जाडी दुप्पट, वेळ चौपट. तयार झालेला बर्फही पुढे थंड होत राहतो, ते धरलं तर सुमारे 19.7.

प्रोग्रॅम एन्थाल्पीवर चालतो: प्रत्येक सेलमधली उष्णता मोजायची आणि तिच्यावरून तापमान काढायचं. सुप्त उष्णता संपेपर्यंत सेल 0 अंशावर ठाण मांडून बसतो. 5 मिमीच्या सेलवर उत्तर आलं 22 तासांच्या वर. बरं, उष्णतेचा हिशेब चोख: एका सेलमधून निघालेली सगळी शेजारच्यात पोचतेय, गळती शून्य. हिशेब जुळला म्हणजे उत्तर बरोबर असं नाही, हे या पद्धतीत कायम ध्यानात ठेवावं लागतं.

गोम होती दोन सेलमधल्या भिंतीवरच्या वाहकतेत. पुस्तकी नियम हार्मोनिक मीनचा, म्हणजे दोन्ही वाहकतांच्या व्यस्तांकांची सरासरी काढून तिचा व्यस्तांक घ्यायचा. बर्फाचे 2.2 आणि पाण्याचे 0.6 मिळून 0.94 येतात. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून असतील तर नियम अगदी बरोबर. इथे मात्र गोठणाऱ्या सेलमधलं पाणी सगळं 0 अंशाला, त्यातून उष्णता वाहतच नाही. तरी अर्ध्या सेलभर पाण्याचा रोध आपण उगाच मोजतो. त्या एका भिंतीला सरळ 2.2 दिले आणि आकडा 19.7 पाशी येऊन बसला. गंमत म्हणजे साध्या सरासरीने, म्हणजे 1.4 ने, 21 च्या जरा खाली येतं. हार्मोनिकपेक्षा जवळ, पण निव्वळ योगायोगाने. तिच्या भरवशावर राहू नका.

सेल 1 मिमीचे केले तर हार्मोनिकची चूकही अर्ध्या तासावर येते. पण मग एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढच्या क्षणाचं उत्तर थेट आताच्या तापमानांवरून काढायचं) टाइम स्टेप 11 सेकंदांवरून 0.44 वर आणावी लागते आणि काम सव्वाशे पट. एका मितीत हे चालून जाईल, पण दोन मितींत माझ्या जुन्या लॅपटॉपला जड जाईल.

पुढे दोन मिती, चारही बाजूंनी गोठणारा चौकोन. तेवढ्याच व्यासाच्या गोल डब्याला स्टेफानच्या हिशेबाने बरोब्बर निम्मा वेळ लागतो, तेव्हा चौकोनाचा त्याहून थोडा जास्त यायला हवा.

मग पाण्याचा प्रवाह. त्यासाठी पाटणकर आणि स्पाल्डिंग यांची 1972 ची सिम्पल पद्धत (प्रवाहाचा वेग आणि दाब एकमेकांशी जुळवत काढायची) घेणार. (सुहास पाटणकर मूळचे पुण्याचे, एमटेक आपल्या पवईच्या आयआयटीतून.) पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे घनता तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलते असं धरून चालणार नाही. शिवाय लादी काचेसारखी स्वच्छ व्हावी म्हणून कारखान्यात डब्यात हवा सोडतात. ते घुसळणं धरलं तर नैसर्गिक अभिसरणावर, म्हणजे घनतेच्या फरकाने पाणी आपोआप फिरतं त्यावर, एवढी मेहनत कशाला घ्यायची, हा प्रश्न उरतोच. कुणी बुडबुड्यांसकट हे सोडवलं असेल तर जरूर सांगा.