भडिमार

परवा दुपारी जेवणानंतर वर्तमानपत्र चाळताना ‘विरोधकांकडून प्रश्नांचा भडिमार’ असा मथळा दिसला आणि सवयीने मी बातमीतले प्रश्न मोजले. तीन निघाले. तीन प्रश्नांना भडिमार म्हणणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. नेम धरून होतो तो मारा, ओळीने बत्ती लावल्यासारखी उडते ती सरबत्ती. भडिमारात मात्र मोजायला सवडच मिळता कामा नये, असे माझे मत असून ते घरात कोणालाही पटत नाही.

तोफांच्या सहवासात बालपण गेल्यामुळे हा हट्ट आला असावा. आमचे गाव परंड्याजवळचे. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे 55 टनांची मुलूखमैदान तोफ विजापूरला जाण्यापूर्वी परंड्याच्या किल्ल्यात होती, हे गुरुजी अशा सुरात सांगत की ती आमच्याच घरातून कोणी उचलून नेली असे वाटे. मागे राहिलेल्या तोफांवर बसून आम्ही तोंडाने आवाज काढत एकमेकांवर बोरांचा मारा करीत असू. खिशातली बोरे संपली की युद्ध संपे, म्हणून त्याला भडिमार म्हणवत नाही. लग्नाच्या पंगतीत मावशी ‘एकच, एकच’ म्हणत पुरणपोळ्या वाढी, तो प्रकार या शब्दाच्या बराच जवळ जाई.

पुरता भडिमार मी एकदाच अनुभवला, 2014 च्या मार्चमधल्या गारपिटीत. लिंबाएवढ्या गारा पत्र्यावर अशा कोसळत होत्या की शेजारी उभ्या असलेल्या वडिलांचे बोलणे मला ऐकू येत नव्हते. त्यांनी ओसरीत घरंगळलेली एक गार उचलली आणि ती विरघळून मनगटावरून ओघळेपर्यंत तळहातावर तशीच धरून ठेवली. काढणीला आलेली शाळू तोवर भुईसपाट झाली होती.

पुढे पंचनाम्याला माणसे आली. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, सातबाऱ्यावर पिकाची नोंद आहे का, पेरा कधी केला, विमा भरला होता का, पावती कुठे आहे, असे एकामागून एक विचारणे सुरू झाले आणि मी, सवयीप्रमाणे, मनात मोजत होतो. अकरावा प्रश्न होता, नुकसान किती टक्के?

वडील म्हणाले, “साहेब, शाळू तिथंच पडलीय. तुम्हीच मोजा.”